गोंदिया बिरसी ते जगदलपूर विमानाने: अंतर ३२८ किमी दाखवतं, खरा वेळ किती लागेल?

मानेवाड्याचा_भाचा

नमस्कार मंडळी. मी नागपूरला राहतो पण प्रश्न माझ्या मामांसाठी आहे. मामा-मामी गोंदियाला असतात, त्यांची मुलगी म्हणजे माझी मामेबहीण छत्तीसगडमध्ये जगदलपूरला दिली आहे, जावई नगरनारच्या स्टील प्लांटमध्ये आहेत. ताईची डिलिव्हरी पुढच्या महिन्यात आहे, मामी म्हणते मी जाणारच, आणि मामी निघाली म्हटल्यावर मामा काही घरी एकटे बसणार नाहीत. अडचण अशी की मामांच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं आहे, गाडीत फार वेळ बसवत नाही, खड्डा आला की कळ पार मस्तकात जाते. डॉक्टरांनी जायला हो म्हटलंय पण सलग बसून राहू नका म्हणून बजावलंय.

तर मी नेटवर पाहून राहिलो होतो, गोंदियाचं बिरसी एअरपोर्ट ते जगदलपूर एअरपोर्ट टाकलं की लगेच येतं, अंतर ३२८ किमी, फ्लाइट टाइम ५४ मिनिटं. दुसऱ्या साइटवर अंतर तेच पण वेळ १ तास १० मिनिटं. मामांना सांगितलं तर ते एकदम खूष, म्हणाले तासाभरात पोचतो म्हणजे तिकीट काढ. आणि तिकिटाच्या ॲपवर टाकलं तर थेट काहीच येत नाही, आलं तर हैदराबादवरून फिरून, तेही मध्ये कितीतरी तास बसायचं. हे ५४ मिनिटं येतात कुठून मग? खरंच विमान जात असेल का कधी कधी, की मला शोधता येऊन नाही राहिलं? आणि नसेल तर मामांना कमीत कमी त्रासात न्यायचं कसं, कोणी त्या बाजूला जाऊन आलं असेल तर सांगा प्लीज.

---

सोनेगावकर

भाऊ, थेट विमान नाही. तुम्ही जे पाहिलं तो नुसता हिशेब आहे, त्या साइटला दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश माहीत असतात आणि ती दोघांमधली सरळ रेघ मोजते, त्या रेघेवर विमान उडतं का नाही याच्याशी तिला काही घेणंदेणं नाही. तुम्ही बिरसी ते टिंबक्टू टाकलं तरी तास-मिनिटं येतील.

अंतर मात्र बरोबर आहे, घरीच काढून पाहता येतं. बिरसी साधारण २१.५३ उत्तर, ८०.२९ पूर्व. जगदलपूर १९.०७ उत्तर, ८२.०४ पूर्व. अक्षांशातला फरक २.४५ अंश, एक अंश म्हणजे साधारण १११ किमी, तर उत्तर-दक्षिण २७२ किमी झाले. रेखांशातला फरक १.७५ अंश, पण रेखांश ध्रुवाकडे जवळ जवळ येत जातात म्हणून आपल्या पट्ट्यात तो १११ पुरा धरत नाहीत, त्याला २०.३ अंशाच्या कोसाइनने म्हणजे ०.९४ ने गुणायचं, ते आले १८२ किमी. मग शाळेतला पायथागोरस लावा, ३२७-३२८ येतात. लांब अंतराला पृथ्वीचा गोल धरून हॅवरसाइनचं सूत्र लावावं लागतं, पण एवढ्याशा अंतरात दोन्हीचं उत्तर जवळपास सारखंच. विमानवाले हेच १७७ नॉटिकल मैल म्हणतील, एक नॉटिकल मैल १.८५२ किमीचा.

आता ५४ मिनिटं. यातल्या बऱ्याच साइटी सगळ्या जगासाठी एकच वेग धरतात, ताशी ८००च्या आसपास, जेट विमानाचा, आणि वरून चढ-उतारासाठी सरसकट अर्धा तास टाकतात. ३२८ भागिले ८०० म्हणजे २४-२५ मिनिटं, अधिक ३०, झाले तुमचे ५४. दुसऱ्या साइटने वेग वेगळा धरला असेल म्हणून तिथे १ तास १०. दोघांपैकी कोणीही टाइमटेबल पाहिलेलं नसतं. मामांना हे आजच सांगून टाका, उगा आशेवर नका ठेवू त्यांना.

---

बिरसीचा_कॅडेट

सोनेगावकर काकांनी हिशेब मस्त सांगितला, त्यात थोडी भर घालतो कारण माझं ट्रेनिंग बिरसीलाच झालं आहे, तिथे पायलट ट्रेनिंगची संस्था आहे, दिवसभर छोटी विमानं वर-खाली करत असतात.

या भागात छोट्या विमानतळांवर येतं ते बहुतेक एटीआर ७२, पंख्याचं विमान, सत्तर-पंच्याहत्तर सीटचं. त्याचा वेग फार फार तर ताशी ५१० किमी, तोही वर जाऊन सरळ झाल्यावर. ८०० किमी त्याच्या बापजन्मात होत नाही. समजा उद्या कोणी गोंदिया-जगदलपूर थेट उडवलं तर काय होईल, बिरसीहून उठलं की आग्नेयेला तोंड करायचं, अंबागड चौकीच्या जवळून, मग भानुप्रतापपूर, हे जवळजवळ बरोबर अर्ध्यावर येतं, मग कोंडागावच्या वरून उतरायला सुरुवात. हवेत साधारण ५० मिनिटं. आणि गंमत म्हणजे जेटचा वेग धरून केलेला चुकीचा हिशेब पण ५४ वरच येतो, कारण तो वरचा अर्धा तास एटीआरला इतका लागतच नाही, एटीआर फार उंच जात नाही, एवढ्या छोट्या अंतराला सोळा-अठरा हजार फुटावर भागतं. म्हणजे दोन चुका एकमेकींना कापून जातात. लांबच्या अंतराला असं जुळत नाही, तिथे एटीआरचा खरा वेळ साइटीपेक्षा खूप जास्त निघतो.

पण तिकिटावर जो वेळ छापतात तो हवेतला नसतो हे लक्षात घ्या. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात, विमानाच्या चाकाखालचे अडसर काढून ते हललं तिथपासून दुसरीकडे जाऊन थांबलं आणि परत अडसर लागले तिथपर्यंत. त्यात इंजिन सुरू करणं, धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणं, समोर दुसरं विमान असेल तर थांबणं, उतरताना वाऱ्याप्रमाणे धावपट्टीचं कोणतं टोक मिळतं ते सगळं आलं. वारा जगदलपूरला उलट बाजूचा असला तर समोरून सरळ उतरता येत नाही, वळसा घालून पलीकडच्या टोकावरून यावं लागतं, त्यात पाच-सात मिनिटं सहज जातात. रायपूर-जगदलपूर पहा, सरळ अंतर जेमतेम २३५ किमी आहे तरी टाइमटेबलात तासाभराच्या आसपासच धरतात. त्या मानाने ३२८ किमीला १ तास १० मिनिटं हा आकडा मला जास्त पटतो.

---

मानेवाड्याचा_भाचा

वा, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं, दोघांचेही आभार. मामांना फोन केला, थोडे नाराज झाले पण समजले. ते म्हणतात दोन्हीकडे विमानतळ आहेत, दोन्हीकडे विमान येतं, मग एकमेकांत का नाही जोडत? मलाही तो प्रश्न पडलाच आहे. आणि मग हैदराबादमार्गे न्यायचं का? मामी म्हणते कितीही फिरून जाऊ दे पण विमानच बरं.

---

सोनेगावकर

मामांचा प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर नागपूरच्या माणसाला तर कळायलाच पाहिजे. १९४९ मध्ये आपल्या नागपूरला रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली होती. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारही ठिकाणांहून रात्री डाकोटा विमानं निघायची, मध्यरात्री सोनेगावला म्हणजे नागपूरच्या विमानतळावर एकत्र यायची, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी आपसात बदलायचे आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परत. चारही शहरं नागपूरहून हजार किमीच्या आत. चार शहरांना एकमेकांत थेट जोडायचं तर सहा मार्ग लागले असते, नागपुरात जोडल्यामुळे चारात काम झालं. १९७३ पर्यंत ही सेवा चालली. माझे वडील त्या रात्रींबद्दल सांगायचे तेव्हा ऐकत बसावंसं वाटायचं, आणि मला आजही वाटतं की आपल्या शहराचं हे एक फार मोठं काम होतं, नव्या पोरांना त्याची माहितीच नाही.

आज तेच काम हैदराबाद करून राहिलं. समजा २० छोटी विमानतळं आहेत, प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडायचं तर १९० मार्ग होतात, आणि गोंदियाहून रोज जगदलपूरला जाणारी सत्तर माणसं कुठून आणणार? तीच वीसची वीस हैदराबादला जोडली तर २० मार्गात भागतं आणि विमानही भरतं. म्हणून जगदलपूरला सप्टेंबर २०२० मध्ये नियमित विमान आलं ते हैदराबाद-जगदलपूर-रायपूर असं, आणि गोंदियाला १ डिसेंबर २०२३ ला इंडिगोने सेवा सुरू केली तीही हैदराबादची. छोटी शहरं विमानाने जोडायच्या उडान योजनेत सरकार अशा मार्गांना तोटा भरून काढायला पैसे देतं पण ते तीन वर्षांपुरते, पुढे विमान प्रवाशांच्या जोरावरच चालावं लागतं. त्यामुळे अशा विमानतळांचे मार्ग बदलत राहतात, आज आहे ते पुढच्या सीझनला राहीलच असं नाही, मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर टाइमटेबल बदलतं तेव्हा नक्की पाहून घ्या.

आता हैदराबादमार्गे जायचं का? नकाशा घ्या. गोंदिया-हैदराबाद सरळ ५१५ किमी, हैदराबाद-जगदलपूर ४३३ किमी, म्हणजे साडेनऊशे किमी झाले ३२८ साठी. जवळपास तिप्पट. नैर्ऋत्येला जायचं आणि परत ईशान्येला यायचं. तरी मी म्हणेन की दोन्ही विमानं एकाच दिवशी नीट जुळत असतील तर विचार करा, फक्त अट एक, दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर म्हणजे एकाच बुकिंगमध्ये असली पाहिजेत. वेगळी काढली आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरं चुकल्याची जबाबदारी कोणाची नाही, आणि सामान पण हैदराबादला उतरवून, बाहेर येऊन, परत चेक-इन करावं लागतं. मणक्याचा पेशंट घेऊन ती धावपळ नका करू.

---

तिरोड्याची_ताई

मी स्पष्टच बोलते, हैदराबादचा विचार सोडा. माझे सासरे त्या वयाचे आहेत म्हणून सांगते, म्हाताऱ्या माणसाला विमानाचा त्रास नसतो, विमानतळावर बसायचा असतो. लोखंडी खुर्च्या, एसी, पाठ टेकायला जागा नाही, आणि आडवं तर होताच येत नाही. मामांना सलग बसायचं नाही सांगितलंय ना डॉक्टरांनी? मग मध्ये चार-पाच तास एअरपोर्टवर बसवून काय मिळवणार. घरापासून घरापर्यंत मोजा, गोंदियातून बिरसी दहा-बारा किमी, तिथे दीड तास आधी पोचायचं, मग विमान, मग थांबा, मग विमान, मग तिकडे सामानाची वाट. अख्खा दिवस गेला.

आमच्याकडचे लोक काय करतात ते सांगते. गोंदिया म्हणजे हावडा-मुंबई मेन लाइनवरचं जंक्शन, गाड्याच गाड्या. रायपूर फक्त १७० किमीच्या आसपास आहे रेल्वेने. दुपारची नागपूर-बिलासपूर वंदे भारत गोंदियाला थांबते, नाही तर कोणतीही एक्स्प्रेस पकडा आणि थ्री टायर एसीमध्ये खालची बर्थ घ्या, मामांना पाहिजे तेव्हा आडवं होता येतं, उठून चार पावलं चालता येतं. मणक्याच्या पेशंटला रेल्वेसारखं दुसरं काही नाही, माझं तरी हेच मत. रात्री रायपूरला मुक्काम करा, चांगलं झोपू द्या त्यांना, सकाळी रायपूर-जगदलपूर विमान असेल त्या दिवशीचं घ्या. एका दिवसाचं काम दोन दिवसात करा, पण माणूस ठणठणीत पोचला पाहिजे, आपण नातवंडाच्या तोंडाकडे पाहायला जाऊन राहिलो ना शेवटी.

---

केशकाल_पार

तिरोड्याच्या ताईंशी शंभर टक्के सहमत. मी मूळचा नागपूरचा, नोकरीसाठी जगदलपूरला असतो, त्यामुळे हा रस्ता तोंडपाठ झालाय.

गोंदियाहून कारने यायचं तर राजनांदगाव, बालोद, कांकेर, केशकाल, कोंडागाव असं चारशे किमीच्या वर पडतं. कांकेरपर्यंत ठीक आहे, त्यानंतर केशकालचा घाट, त्याला इकडे बारा भंवर म्हणतात, एकामागे एक बारा वळणं, वर चढलं की बस्तरचं पठार लागतं. कळण्यासाठी सांगतो, गोंदियाचा विमानतळ समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर आहे आणि जगदलपूरचा साडेपाचशेवर, तो बराचसा चढ या घाटात आहे. ट्रकांची रांग लागली की गाडी वळणावरच उभी, पुढे-मागे, ब्रेक, क्लच, परत ब्रेक. मणक्याच्या पेशंटला या घाटातून नका आणू, अगदीच इलाज नसला तरच.

रेल्वेने थेट यायचं म्हणाल तर रायपूर ते जगदलपूर सरळ लाइन नाही. दल्लीराजहराहून येणारी लाइन अंतागडच्या पुढे काम सुरू आहे, ती जगदलपूरला जोडली की सगळं चित्रच पालटेल, आम्ही सगळे त्याची वाट पाहून राहिलो. सध्या रेल्वेने यायचं तर ओडिशातून रायगडा, कोरापूट असा मोठा वळसा पडतो.

म्हणून रायपूरवरून विमान हाच सरळ मार्ग. फक्त हवामान पाहा. इकडे पावसाळ्यात ढग फार खाली येतात आणि थंडीत सकाळी धुकं असतं. मोठ्या विमानतळावर यंत्राच्या मदतीने कमी दिसत असतानाही उतरता येतं, छोट्या ठिकाणी ती सोय नसेल तर पायलटला पाच किमीपर्यंत स्पष्ट दिसावं लागतं, नाही तर विमान वरून घिरट्या घालून परत. असं झालं तर तुम्ही परत रायपूरलाच येता. त्यामुळे डिलिव्हरीच्या तारखेला चिकटून तिकीट काढू नका, आठवडाभर तरी हातात ठेवा, आणि रायपूरला ज्यांच्याकडे उतरणार त्यांना सांगून ठेवा की एखादा दिवस वाढू शकतो.

---

मानेवाड्याचा_भाचा

ठरलं मग, रायपूरपर्यंत रेल्वे आणि पुढे विमान. रायपूरला मामीच्या बहिणीचं घर आहे, मुक्कामाची काळजीच नाही. मी स्वतः नागपूरहून त्याच गाडीत बसतो आणि गोंदियाला ते दोघं चढतील. आता एकच विचारायचं राहिलं, एटीआरमध्ये चढायला शिडी असते म्हणतात. मामांना जिना चढायला त्रास होतो. व्हीलचेअर मागितली की झालं का?

---

बिरसीचा_कॅडेट

नुसती व्हीलचेअर मागू नका, कोणती ते सांगा. तीन प्रकार असतात. पहिला, माणूस जिना चढू शकतो फक्त लांब चालवत नाही. दुसरा, थोडं चालता येतं पण जिना अजिबात नाही. तिसरा, सीटपर्यंत उचलूनच न्यावं लागतं. तिकिटात हे डब्ल्यूसीएचआर, डब्ल्यूसीएचएस, डब्ल्यूसीएचसी अशा कोडने जातं. मामांसाठी दुसरा सांगा, एस वाला. लोक सरसकट व्हीलचेअर म्हणतात, तिकडून पहिला प्रकार टाकला जातो, आणि मग माणूस शिडीच्या पायथ्याशी खुर्चीत बसून राहतो. निदान दोन दिवस आधी फोन करून सांगा आणि जगदलपूरला उतरवायची काय सोय आहे ते त्याच फोनवर विचारून घ्या, रायपूर मोठं आहे, तिथे होईल, प्रश्न उतरण्याचा असतो.

एटीआरचं दार मागच्या बाजूला असतं, समोर सामानाची जागा. शिडी दारातच बसवलेली, पाच-सहाच पायऱ्या पण अरुंद आणि उभ्या. म्हणून सीट मागच्या ओळीतली घ्या, आत गेल्यावर चालावं लागत नाही, आणि पंखे पुढे असल्यामुळे मागे आवाजही कमी येतो. मागे हेलकावे पंखाजवळच्या सीटपेक्षा थोडे जास्त जाणवतात, तेव्हा कमरेला लावायची उशी बॅगेत न टाकता हातात ठेवा. वरचे सामानाचे कप्पे छोटे असतात, मोठी बॅग वर मावत नाही, ती आधीच चेक-इन करून टाका. आणि ऑपरेशन अलीकडचं असेल तर डॉक्टरांकडून प्रवासाला हरकत नाही असं लेखी घ्या, काउंटरवर विचारलं तर तिथून परत फिरायला नको.

---

केशकाल_पार

जगदलपूरला उतरल्यावर काही अडचण नाही, विमानतळ शहराला लागूनच आहे. नगरनार तिथून पुढे ओडिशाच्या बाजूला पंधरा-सोळा किमी. जावयांना कार घेऊन यायला सांगा आणि पुढची सीट मागे झुकवून ठेवायला सांगा. सकाळच्या विमानाने आलात तर जेवायला घरी. काही अडलं तर इथेच लिहा, मी पाहत असतो.